‘यदा यदा हि’च्या आधीचा श्लोक : अवतारतत्त्वाचा अभ्यास गावच्या देवळात कसा मांडावा

आषाढात भाताची लावणी उरकली की कोकणातील गावांना थोडी उसंत मिळते आणि श्रावण लागताच देवळाच्या सभामंडपात एखादी पोथी लागते. गोकुळाष्टमी याच महिन्यात येत असल्यामुळे अवतार हा विषय श्रोत्यांच्या मनात असतोच. कथेच्या जोडीने या कल्पनेमागचे तत्त्वज्ञानही समजून घ्यावे अशी ज्या मंडळींची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. देव मनुष्यदेहात येतो म्हणजे नेमके काय होते, तो देह आपल्या देहासारखाच असतो का आणि त्याला भूक, शोक व मरण खरोखर लागू पडतात का, हे प्रश्न विचारण्यासाठी शास्त्री असण्याची गरज नाही. अन्वय आणि अर्थ दिलेली गीतेची एक प्रत, ज्ञानेश्वरी, भागवताचा पहिला व दहावा स्कंध आणि वाल्मीकिरामायणातील दोन-तीन प्रसंग एवढे साहित्य पुरेसे आहे. बैठक दीड तासापेक्षा लांबवू नये. संध्याकाळची वेळ ठरवल्यास आधीच बॅटऱ्या आणि एखादी समई तयार ठेवावी, कारण पावसाळ्यात वीज केव्हा जाईल हे कोकणात कोणीही सांगू शकत नाही.

प्रथम काय टाळावे ते सांगतो. अशा बैठका बहुधा दहा अवतारांच्या यादीपासून सुरू होतात आणि यादीतच अडकतात. नववा अवतार बुद्ध की बलराम, महाराष्ट्रातील काही जुन्या चित्रांत आणि शिल्पांत बुद्धाच्या जागी विठ्ठल का दिसतो, कृष्णाला दहांत मोजायचे की दहांचे मूळ मानायचे, अशा प्रश्नांत पहिले दोन दिवस निघून जातात. त्यानंतर कोणीतरी मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह ही मालिका उत्क्रांतीच्या सिद्धांताशी जुळवून दाखवतो आणि श्रोते खूश होतात. ही जुळवणी बैठकीत येऊ देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधातील तिसऱ्या अध्यायात बावीस अवतार क्रमाने सांगितले आहेत. त्यात पहिले सनकादी कुमार आहेत, दुसरा वराह, तिसरे नारद, सहावे दत्तात्रेय, आणि मत्स्याचा क्रमांक थेट दहावा लागतो. त्याच अध्यायात पुढे ‘अवतारा ह्यसंख्येया’ असे म्हणून अवतारांची संख्याच मोजता येत नाही, असे सांगितले आहे. हा अध्याय एकदा मोठ्याने वाचून दाखवला की यादीचा वाद बराचसा निवळतो आणि मूळ प्रश्नाकडे वळता येते.

आरंभ चौथ्या अध्यायातील सहा श्लोकांनी करावा

गीतेच्या चौथ्या अध्यायातील ‘यदा यदा हि धर्मस्य’ हा सातवा श्लोक बहुतेकांना पाठ असतो, परंतु आरंभ त्या श्लोकाने करू नये. सातवा आणि आठवा हे श्लोक अवतार केव्हा आणि कशासाठी होतो एवढेच सांगतात. अवतार कसा होतो, म्हणजे या अभ्यासाचा खरा विषय, सहाव्या श्लोकात आहे आणि घाईने पाठ म्हणताना नेमका तोच मागे पडतो. म्हणून चौथ्या श्लोकापासून नवव्या श्लोकापर्यंतचे सहा श्लोक सलग घ्यावेत आणि त्यांतील सहाव्यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवावी.

चौथ्या श्लोकात अर्जुनाचा प्रश्न येतो. हा योग मी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला, सांगितला असे कृष्ण म्हणतो, पण विवस्वानाचा जन्म आधीचा आणि कृष्णाचा नंतरचा, तेव्हा हे समजायचे कसे, असे अर्जुन विचारतो. वाचनाच्या वेळी हा प्रश्न एखाद्या तरुण मुलाकडून म्हणवून घ्यावा, कारण तो अगदी रोखठोक व्यवहारी प्रश्न आहे आणि श्रोत्यांना तो आपलाच वाटतो. पाचव्या श्लोकातील उत्तर ऐकताना पुष्कळ जण चकतात. कृष्ण म्हणतो, ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन’, म्हणजे माझे पुष्कळ जन्म झाले आणि तुझेही झाले. येथपर्यंत देव आणि मनुष्य यांत काहीच फरक सांगितलेला नाही. फरक पुढच्या चरणात येतो. ते सर्व जन्म मी जाणतो, तू जाणत नाहीस.

सहावा श्लोक असा आहे : ‘अजोऽपि सन्नव्ययात्मा भूतानामीश्वरोऽपि सन् । प्रकृतिं स्वामधिष्ठाय संभवाम्यात्ममायया ॥’ जन्म नसलेला, क्षय नसलेला आणि सर्व भूतांचा स्वामी असूनही, आपल्या प्रकृतीवर अधिष्ठान ठेवून मी आपल्या मायेने संभवतो. हा श्लोक वाचल्यावर लगेच नवव्या अध्यायातील आठवा श्लोक उघडावा. तेथे प्रकृतीच्या वशात असलेल्या, पराधीन अशा भूतसमुदायाला मी पुन्हा पुन्हा उत्पन्न करतो, असे म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी प्रकृती एकच आहे. पण एकीकडे ती स्वामीच्या अधीन आहे आणि दुसरीकडे जीव तिच्या अधीन आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे अवतारतत्त्वाचा सगळा भार या एका भेदावर आहे. देह धारण करणे, जन्माला येणे, वाढणे, लढणे या गोष्टी अवताराच्या बाबतीतही दिसतात आणि आपल्याही बाबतीत दिसतात. प्रश्न एवढाच की त्या कोणाच्या इच्छेने घडतात. आपला जन्म पूर्वकर्माच्या फळासाठी होतो, म्हणून तो टाळता येत नाही. अवताराला फेडायचे कर्म नसते, म्हणून त्याच्या जन्माला इच्छा आणि करुणा यांखेरीज दुसरे कारण सांगता येत नाही. तिसऱ्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात, तिन्ही लोकांत मला कर्तव्य असे काही नाही, तरीही मी कर्मात वागतो, असे जे म्हटले आहे, त्याचाही आधार हाच आहे.

हा भेद श्रोत्यांच्या मनात पक्का बसावा यासाठी प्रत्येक कथाप्रसंगाला तीन प्रश्न लावण्याची सवय करावी. हा जन्म कोणाच्या इच्छेने झाला, येथे प्रकृती कोणाच्या ताब्यात आहे आणि आपण कोण आहोत याचे भान त्या देहात टिकून आहे का, हे ते प्रश्न होत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सर्व आचार्य सारखीच देतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र रामाच्या प्रसंगी अडचण येते. तिचा विचार पुढे केला आहे.

एखादी वृद्ध बाई या टप्प्यावर हमखास विचारते, ‘देवाक जन्म नाय, मगे आपण पाळणो कोणाचो हलयतंव?’ रामनवमीला दुपारी आणि अष्टमीला मध्यरात्री ज्या हातांनी पाळण्याची दोरी ओढली आहे, त्या हातांचा हा प्रश्न आहे. तो हसून सोडून देऊ नये. भागवताच्या दहाव्या स्कंधातील तिसरा अध्याय उत्तरासाठी उघडावा. कारागृहात प्रथम चतुर्भुज, शंखचक्रधारी रूप प्रकट होते, वसुदेव आणि देवकी त्याची स्तुती करतात, हे अलौकिक रूप आवरून घे अशी विनवणी देवकी करते आणि मग आईवडिलांच्या डोळ्यांदेखत तो ‘प्राकृत शिशु’ होतो. पाळण्यातील बालक आणि अजन्मा ईश्वर हे दोन नव्हेत, असे भागवतकाराने तेथे प्रसंगातूनच दाखवले आहे. पाळणा त्या अजन्म्याचाच हलतो.

आचार्यांचे मतभेद कसे मांडावेत

यानंतरचा प्रश्न असा की तो मनुष्यदेह खरा मानायचा की नुसता भासणारा. येथे तीन उत्तरे आहेत. बैठक चालवणाऱ्याने त्यांपैकी आपल्या घराण्याचे उत्तर आधी सांगून इतर उत्तरे पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायची मते, म्हणून उरकू नयेत. कोकण किनाऱ्यावर ही काळजी विशेष घ्यावी लागते. गोव्यात फोंड्याजवळील कवळे मठ शंकराचार्यांच्या अद्वैत परंपरेचा आहे, तर काणकोणातील पर्तगाळी मठ मध्वाचार्यांच्या माध्व परंपरेचा, आणि दोन्ही मठांचे अनुयायी किनाऱ्यावरील गावांत शेजारी शेजारी राहतात.

शंकराचार्य गीताभाष्याच्या उपोद्घातातच सांगतात की भगवंत नित्य, शुद्ध, बुद्ध आणि मुक्त स्वभावाचा असूनही आपल्या मायेला वश करून ‘देहवान् इव, जात इव’ असा, लोकांवर अनुग्रह करताना दिसतो. या वाक्यातील ‘इव’वर त्यांचा सगळा भर आहे. देह असल्यासारखा, जन्मल्यासारखा, परंतु परमार्थतः लोकांच्या जन्मासारखा नव्हे. रामानुजाचार्यांना हे पुरत नाही. त्यांच्या मते प्रकृती म्हणजे येथे भगवंताचा स्वतःचा स्वभाव, आत्ममाया म्हणजे त्याचे स्वतःचे ज्ञान किंवा संकल्प, आणि अवताराचा देह खरा असला तरी आपल्या देहासारखा त्रिगुणांनी बनलेला नाही. तो अप्राकृत, शुद्धसत्त्वमय आहे. आठव्या श्लोकाच्या भाष्यात ते आणखी एक सुंदर गोष्ट सांगतात. साधूंचे परित्राण, म्हणजे रक्षण, म्हणजे केवळ त्यांच्या शत्रूंचा वध नव्हे. माझ्या दर्शनावाचून ज्यांना एक क्षणही जगवत नाही, त्यांना माझे रूप, माझ्या लीला आणि माझे बोलणे लाभावे यासाठी मी येतो, असा अर्थ ते करतात. या अर्थाने पाहिल्यास दुष्टांचे निर्दालन हे अवताराचे गौण कार्य ठरते. मध्वाचार्य याहून पुढे जाऊन मूळ रूप आणि अवताररूप यांत लवमात्र भेद मानत नाहीत. मत्स्यातही तो पूर्ण आहे आणि कृष्णातही पूर्ण आहे, अवतारांत कमीजास्त अशी प्रतवारी लावता येत नाही आणि रामाचा शोक हे केवळ लोकांपुढचे अनुकरण आहे, असे त्यांचे मत आहे.

ही तीन उत्तरे समजावण्यासाठी दक्षिण कोकणात एक दृष्टान्त तयारच आहे. कार्तिकापासून जत्रांमध्ये रात्रभर चालणारा दशावतारी दहिकाला येथील लहान मुलांनीही पाहिलेला असतो. सुरुवातीच्या भागात लांब जीभ लावलेला काळा संकासुर वेद चोरतो, मालवणीत विनोद करून लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. मग उत्तररात्री आख्यान लागते. (नाव दशावतार असले तरी दहाही अवतार तेथे क्रमाने येत नाहीत, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.) संवाद लिहिलेले नसतात, नट ते भूमिकेत राहूनच जागच्या जागी रचतो. त्याला आपण कोण हे पक्के ठाऊक असते, तरीही आख्यान संपेपर्यंत तो भूमिकेच्या बाहेरून एक शब्द बोलत नाही. हा दृष्टान्त आपल्या पदरचा नाही, हे श्रोत्यांना आवर्जून सांगावे. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाला म्हणते की वेष घेतलेला नट जसा ओळखू येत नाही, तसा तू मूढ दृष्टीला दिसत नाहीस. त्याच स्कंधात पुढे, नटाप्रमाणे त्याने मत्स्यादी रूपे धरली आणि सोडली, असे आले आहे. ज्ञानेश्वरांनीही चौथ्या अध्यायात सहाव्या श्लोकावर लिहिताना हीच प्रतिमा योजली आहे : ‘तैसा अमूर्तचि मी किरीटी । परी प्रकृति जैं अधिष्ठीं । तैं साकारपणें नटें नटी । कार्यालागीं ॥’

दृष्टान्त कोठे थांबतो, हे दाखवले तरच तीन आचार्यांमधील भेद उघड होतो. शंकराचार्यांच्या मताला तो जवळजवळ पूर्ण लागू पडतो, कारण राजाचा वेष घेतल्याने नट राजा होत नाही. रामानुजाचार्यांना तो अर्ध्यावर सोडावा लागतो. नटाचा मुकुट आणि भरजरी अंगरखा त्याच्याहून वेगळ्या वस्तू आहेत आणि खेळ संपल्यावर त्या पेटाऱ्यात जातात. भगवंताचे दिव्य रूप मात्र त्याच्याहून परके, बाहेरून आणलेले असे नाही. मध्वाचार्यांच्या मते तर वेष आणि वेषधारी असा भेदच करता येत नाही. एका बैठकीत हा दृष्टान्त मांडावा, श्रोत्यांना तो तिन्ही मतांना लावून पाहू द्यावा आणि मग बाजूला ठेवावा. तो पुन्हा पुन्हा वापरल्यास लोक अवताराला सोंग समजू लागतात आणि हे मत कोणत्याही आचार्याचे नाही.

ज्ञानेश्वरीतील याच ठिकाणच्या पाच-सहा ओव्या संथपणे म्हणवून घ्याव्यात. माझे स्वातंत्र्य मोडत नाही, परंतु मी कर्माधीन असल्यासारखा भासतो, आणि तेही पाहणाऱ्याच्या भ्रांतीमुळे, असे ज्ञानेश्वर सांगतात. येथपर्यंत ते शंकराचार्यांच्या वाटेने चाललेले दिसतात. पण सातवा श्लोक लागताच सूर बदलतो : ‘म्हणौनि अजत्व परतें ठेवीं । मी अव्यक्तपणही नाठवीं ।’ अधर्म धर्माला दडपू लागला की मी माझे जन्मरहितपण दूर ठेवतो, मला माझे अव्यक्तपणही आठवत नाही, आणि मग ‘आपुल्याचेनि कैवारें’, आपल्या माणसांची बाजू घेऊन मी साकार होतो. आपल्या लोकांच्या कैवारापायी स्वतःचे अजन्मेपण विसरणारा ईश्वर भाष्यकारांच्या तर्कात सहज बसत नाही, पण वारकऱ्याला तो लगेच ओळखू येतो. ही ओवी समजावण्याच्या भरात तिचा चुरा करू नये. ती दोनदा म्हणावी आणि पुढे जावे.

रामाला आपण कोण हे ठाऊक होते का

मनुष्यरूपाचा प्रश्न खऱ्या अर्थाने कृष्णचरित्रापेक्षा रामचरित्रात कठीण होतो, म्हणून अष्टमी झाल्यानंतरच्या दोन बैठका त्यासाठी ठेवाव्यात. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात सीतेच्या अग्निप्रवेशाच्या वेळी ब्रह्मदेवासह सर्व देव येतात आणि तू लोकांचा कर्ता असून सामान्य माणसासारखा कसा वागतोस, असे रामाला विचारतात. राम उत्तर देतो, ‘आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्’, मी स्वतःला मनुष्य, दशरथाचा पुत्र राम असे मानतो, मी खरोखर कोण आहे ते भगवंतांनीच, म्हणजे ब्रह्मदेवानेच, मला सांगावे. तेव्हा ब्रह्मदेव त्याला, तू नारायण आहेस, असे सांगतो. गीतेच्या चौथ्या अध्यायातील पाचव्या श्लोकाशी हा प्रसंग ताडून पाहावा. तेथे कृष्ण आपले सर्व जन्म जाणतो, येथे राम स्वतःला मनुष्य मानतो. आपण लावत असलेला तिसरा प्रश्न येथे अडतो.

याचे उत्तर शोधण्यासाठी बालकांडाकडे जावे. रावणाने वर मागताना देव, गंधर्व, यक्ष, दानव आणि राक्षस यांच्यापासून अभय मागितले होते. मनुष्याला तुच्छ मानून त्याने मनुष्याचे नाव घेतलेच नाही. म्हणून त्याचा वध मनुष्यानेच करणे भाग होते. केवळ मनुष्याचा आकार घेतलेल्या देवाने तो केला असता, तर वराला बाध आला असता. या दृष्टीने पाहिल्यास रामाचे मनुष्यत्व पुरेपूर असणे हा त्या अवताराच्या कार्याचाच भाग ठरतो. हे उत्तर कथेपुरते समर्पक आहे, पण सीतेच्या विरहात रडणाऱ्या रामाचे समाधान त्यातून होत नाही, कारण रावणवधासाठी अश्रूंची गरज नव्हती.

ती उणीव भागवताच्या पाचव्या स्कंधातील एकोणिसाव्या अध्यायात भरून निघते. किंपुरुषवर्ष या पुराणांतील प्रदेशात हनुमान रामाची उपासना करताना म्हणतो, ‘मर्त्यावतारस्त्विह मर्त्यशिक्षणं रक्षोवधायैव न केवलं विभोः’. त्या विभूचा मर्त्यरूपातील अवतार केवळ राक्षसांच्या वधासाठी नव्हता, तो मर्त्यांना शिकवण्यासाठी होता. नाहीतर स्वतःच्या आत्म्यात रमणाऱ्या ईश्वराला सीतेमुळे झालेली दुःखे कशी झाली असती? मनुष्यरूपातील अवताराविषयी यापेक्षा नेमके वचन मला तरी दुसरीकडे आढळलेले नाही, आणि ते हनुमानाच्या तोंडी घातले आहे यातही औचित्य आहे, कारण रामाचे दुःख त्याने जवळून पाहिले होते. या श्लोकासोबत गीतेच्या नवव्या अध्यायातील अकरावा श्लोक घ्यावा. मनुष्यदेहाचा आश्रय केलेल्या मला मूढ लोक कमी लेखतात, कारण भूतमहेश्वर असे माझे परम स्वरूप त्यांना कळत नाही, असे तेथे म्हटले आहे. त्यावरील ज्ञानेश्वरीत काविळीने भरलेल्या डोळ्यांना चांदणेही पिवळे दिसते असे सांगून, नाम नसलेल्याला नाम आणि देह नसलेल्याला देहधर्म चिकटवणाऱ्यांची जी लांब यादी दिली आहे, तीही वाचावी. मात्र एक पथ्य पाळावे. ‘मूढ’ हे विशेषण बैठकीत शंका विचारणाऱ्या कोणालाही लावू नये. अर्जुनानेही शंकाच विचारली होती.

परशुरामाच्या भूमीत आवेशावतार समजावताना

कोकण ही परशुरामाने समुद्र मागे हटवून निर्माण केलेली भूमी आहे, ही कथा सह्याद्रिखंडातून येथे रुजली, आणि चिपळूणजवळील श्रीक्षेत्र परशुराम हे असंख्य घराण्यांचे श्रद्धास्थान आहे. त्यामुळे परशुरामाचा विषय टाळता येत नाही आणि टाळण्याचे कारणही नाही, कारण अवतारांचे प्रकार समजावून देण्यास तोच सर्वांत उपयोगी पडतो. बालकांडाच्या शेवटी मिथिलेहून परतणाऱ्या रामाची वाट परशुराम अडवतो, वैष्णव धनुष्य पुढे करतो, राम ते सहज सज्ज करतो, परशुरामाचे तेज ओसरते आणि तो रामाला मधुसूदन म्हणून ओळखून महेंद्र पर्वताकडे निघून जातो. एकाच विष्णूचे दोन अवतार समोरासमोर उभे राहून एकाने दुसऱ्याला जिंकावे, हे कसे, असे चौथीतला मुलगाही विचारतो.

काही वैष्णव आचार्यपरंपरांनी याचे उत्तर अवतारांचे प्रकार करून दिले. जेथे भगवंत स्वतः येतो तो साक्षात अवतार, आणि जेथे एखाद्या जीवात ठरावीक कार्यासाठी त्याची शक्ती प्रवेश करते तो आवेशावतार. परशुरामाची गणना या परंपरा दुसऱ्या प्रकारात करतात. पृथु राजाकडेही काही आचार्य याच दृष्टीने पाहतात. या उत्तराप्रमाणे, कार्य संपले तेव्हा शक्ती आवरली गेली आणि उरला तो चिरंजीव तपस्वी भार्गव. गीतेतील त्या सहाव्या श्लोकाशी हे कसे जुळते, तेही दाखवावे. आवेशात प्रकृतीवर अधिष्ठान शक्ती देणाऱ्याचे असते, ज्यात ती शक्ती प्रवेशते त्याचे नसते, म्हणून ती परतही घेता येते. हे सांगताना शब्द मात्र जपून वापरावेत. परशुरामाला कुलस्वामी मानणारे श्रोते समोर असतात. भागवताने त्याला सोळावा अवतार म्हणून नाव घेऊन गणले आहे, आणि आवेश हा उपासनेतील उणेपणा मानण्याचे कारण नाही. ‘कृष्णस्तु भगवान् स्वयम्’ (कृष्ण मात्र स्वतः भगवान) हे भागवतवचन आणि त्यावरून पूर्ण, अंश व कला अशी जी वाटणी केली जाते, ती येथेच थोडक्यात सांगून टाकावी. पुरुषावतार, गुणावतार, मन्वंतरावतार यांची वर्गवारी ज्यांना हवी असेल त्यांनी ती घरी वाचावी. बैठकीत ती घेतल्यास श्रोते पेंगू लागतात.

मूर्तीविषयी एक बैठक बाहेर, गाभाऱ्यासमोर घ्यावी. किनाऱ्यावरच्या गावांत विष्णूची जुनी मंदिरे बरीच आहेत. वालावलचा लक्ष्मीनारायण आणि कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव ही ठळक उदाहरणे आहेत. यांपैकी एखाद्या चतुर्भुज मूर्तीला पुष्कळ जण सरसकट अवतारमूर्ती म्हणतात. पांचरात्र आगम या वैष्णव पूजाशास्त्राप्रमाणे भगवंताची पाच रूपे आहेत. पर हे वैकुंठातील रूप, व्यूह म्हणजे वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न आणि अनिरुद्ध, विभव म्हणजे राम-कृष्णादी अवतार, अंतर्यामी म्हणजे प्रत्येकाच्या हृदयातील, आणि अर्चा म्हणजे पूजेतील मूर्ती. केशव, नारायण, माधव ही चोवीस नावांची रूपे व्यूहांच्या विस्तारात येतात आणि हातांतील आयुधांच्या क्रमाने ओळखली जातात. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून वर जाऊन डावीकडे उतरत क्रम पाहावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम असेल तर तो केशव, शंख, पद्म, गदा, चक्र असेल तर नारायण. मुलांना हे शोधायला फार आवडते. गुरवांची परवानगी घेऊन उजेडात दुरूनच पाहावे, फोटोचा आग्रह धरू नये. अर्चारूपाबद्दल रामानुज परंपरा म्हणते की अवतार ठरावीक युगात आणि ठरावीक स्थळी झाला, अर्चेत मात्र तो कोणालाही, केव्हाही सुलभ होतो. ज्यांनी राम पाहिला नाही, त्यांच्यासाठी हे रूप आहे.

दत्तभक्तीच्या वाटेने येणारा प्रश्न

सिंधुदुर्गात हा अभ्यास दत्तसंप्रदायाला वळसा घालून पूर्ण होत नाही. दत्तात्रेयाचे नाव भागवताच्या यादीत आहेच, पण या संप्रदायात श्रीपाद श्रीवल्लभ आणि नृसिंह सरस्वती यांनाही दत्तावतार मानतात. कुडाळ तालुक्यातील माणगाव येथे १८५४ साली जन्मलेल्या आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे समाधिस्थ झालेल्या वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबेस्वामींकडे त्यांचे भक्त त्याच भावाने पाहतात. येथे अवतारकल्पनेने वेगळे वळण घेतले आहे. धर्माची ग्लानी, राक्षस, युद्ध हे सारे मागे पडते, आणि गुरूच्या रूपाने ज्ञान देण्यासाठी पुन्हा पुन्हा येणे हे कार्य पुढे येते. हनुमानाच्या ‘मर्त्यशिक्षण’ या वचनाशी हे सहज जुळते. बैठकीत तसे जोडून दाखवावे.

यापाठोपाठ आजच्या काळातील एखाद्या महाराजांना अवतार मानायचे का, असा प्रश्न नाव घेऊन विचारला जातो. बैठक चालवणाऱ्याने अशा व्यक्तीविषयी होय किंवा नाही असा निर्वाळा देऊ नये. आपले तीन प्रश्न येथे बाहेरून लावता येत नाहीत, कारण कोणाचा जन्म कर्माधीन आहे आणि कोणाचा इच्छाधीन, हे पाहणाऱ्याला दिसत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायातील नवव्या श्लोकातही, माझे जन्म आणि कर्म दिव्य आहे असे जो तत्त्वतः जाणतो तो पुन्हा जन्माला येत नाही, एवढेच म्हटले आहे. ओळखण्याची खूण तेथे दिलेली नाही. मग चमत्कारांच्या कथा सुरू झाल्या, तर या अभ्यासाचा तो विषय नाही असे नम्रपणे सांगून पुढचा श्लोक घ्यावा.

मुलांचा प्रश्न याहून सरळ असतो : आता देव का येत नाही? परंपरेच्या गणिताप्रमाणे कलियुग ४,३२,००० वर्षांचे आहे आणि त्याचा आरंभ इ.स.पू. ३१०२ मध्ये मानला जातो. कल्की या युगाच्या शेवटी येणार, असे पुराणे सांगतात. दुसरीकडे, सातव्या श्लोकात कोणतीही तिथी दिलेली नाही, ‘जेव्हा जेव्हा’ एवढेच म्हटले आहे, आणि भागवताने अवतार असंख्य सांगितले आहेत. दोन्ही गोष्टी मुलांपुढे तशाच ठेवाव्यात, मधला मेळ आपण घालून देऊ नये.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की बैठका आपोआप थांबतात. मार्गशीर्षात पुन्हा बसायचे ठरल्यास गीतेचा दहावा अध्याय घ्यावा, कारण विभूती (ज्या श्रेष्ठ वस्तूंत ईश्वराचे तेज विशेष दिसते त्या) आणि अवतार यांतील भेद अजून राहिलेला आहे. त्या अध्यायात कृष्ण आपल्या विभूतींमध्ये पिंपळ, हिमालय आणि गंगा यांच्याबरोबर शस्त्रधाऱ्यांतील राम गणतो, आणि सदतिसाव्या श्लोकात वृष्णींमधील वासुदेव म्हणून स्वतःलाही त्याच यादीत घालतो. बोलणारा आणि यादीतला एकच असताना यादी नेमकी कोणाच्या विभूतींची, हा प्रश्न त्या बैठकीच्या आरंभी फळ्यावर लिहून ठेवावा.